मास्तरचं कोरं लुगडं

शांतवन मास्तर कोणतीही गोष्ट तीनदा विचारायचे. चहा घेशील? घेशील ना? नक्की घेशील? तिन्ही वेळा हो म्हटल्याशिवाय कप हातात यायचा नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस कानाने अधू आहे. म्हणून तिसरं हो मी मोठ्याने सांगितलं. आतून त्यांच्या बाईंचा आवाज आला, "वरडू नको गा. ऐकू येते त्यायले. थे त्यायच्या धर्माचं हाय."

मी वरठी, म्हणजे धोबी. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. नागपूरच्या सक्करदऱ्याच्या तलावावर माझ्या बापाचा कपडे आपटायचा दगड होता, तो मी पुढे चालवला. आता गुडघे गेले. तलावही पहिल्यासारखा राहिला नाही. पोरांनी दुकान टाकलं आहे, त्यात मशीन आहे. मी मशीनला हात लावत नाही. बसून बसून जीव कंटाळतो, म्हणून हे लिहायला घेतलं. खरं तर मास्तरांवर त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या शिकलेल्या लोकांनी लिहायला पाहिजे होतं. त्यांनी नाही लिहिलं, मी लिहितो. चुकलं तर चुकलं. दुरुस्त करायला माझ्याकडे कोणी येऊ नये.

मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत आणि रविवारी आमच्या वस्तीमागच्या लहान चर्चसाठी आपल्या ओसरीवर बाप्तिस्म्याचा वर्ग घेत. म्हणजे कोणाला ख्रिस्ती व्हायचं असेल, तर त्याला आधी मास्तरांच्या हाताखालून जावं लागे. अंगात नेहमी पांढरा सदरा. त्यावर शाईचा ठिपका जरी पडला तरी घरी जाऊन बदलून येत. मला त्यांनी पहिलं काम दिलं ते पांढऱ्या लांब सदऱ्यांचं. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते सदरे माझ्याकडे यायचे, पाण्यातून निघालेल्या नव्या माणसांना घालायला.

मास्तरांना जुन्या काळाचं वेड होतं. जुना म्हणजे आपल्या आजोबांचा नाही. येशूच्या मागून जी तीन-चारशे वर्षं गेली, त्या काळचा. ते लोक बाप्तिस्मा कसा देत, हे मास्तर असं सांगत की जणू कालच पाहून आले. त्यांच्यात म्हणे कोणी आला आणि भिजवून पाठवला, असं नव्हतं. वर्षानुवर्षं तपासून घेत. पाण्याच्या आधी उपास. मग पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला सांगायचं की तुझा-माझा संबंध संपला. मग पूर्वेकडे वळायचं. अंगावरचं जुनं उतरवायचं. पाण्यात उभं करून तीन प्रश्न विचारायचे. बापावर विश्वास ठेवतोस का? पुत्रावर ठेवतोस का? पवित्र आत्म्यावर? प्रत्येक वेळी त्याने आपल्या तोंडाने हो म्हणायचं आणि पाण्याखाली जायचं. वर आल्यावर पांढरं नेसायचं, दूध आणि मध चाखायचा. पांढरं आठ दिवस अंगावर ठेवायचं.

"हो नाही तर पाणी नाही." हे मास्तरांचं वाक्य. चहापासून बाप्तिस्म्यापर्यंत सगळीकडे तेच.

तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, भले होते. मास्तरांच्या हट्टाखातर ईस्टरच्या सकाळी ते मंडळीला घेऊन तलावावर येत. एकदा मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या पुस्तकात वाहतं पाणी सांगतलं हाय ना? तलाव कोठी वाहते?"

"त्या लोकांनी सवलत ठेवली होती गा," मास्तर म्हणाले. "वाहतं नसंल तर साचलेलं चालते. थे भी नसंल तर डोक्यावर तीनदा ओतलं तरी चालते. पाण्यासाठी सवलत हाय. हो म्हणण्याले सवलत नाही."

मारोती नावाचा एक मिलमधला कामगार त्यांच्या वर्गात आला. त्याला एका ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचं होतं आणि त्यासाठी तो पुढच्या रविवारी बुडी मारायला तयार होता. मास्तरांनी त्याला वर्षभर बसवलं. मुलीचा बाप येऊन भांडून गेला. शेवटी ईस्टरला मारोती पाण्यात गेला, तिन्ही वेळा खणखणीत हो म्हणाला, आणि पांढरा सदरा घालून दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गेला. आठ दिवसांचा नियम. संध्याकाळी माझ्या दगडावर येऊन उभा राहिला तर सदरा तेलाने काळा.

"धुऊन दे भाऊ. मास्तरनं पाह्यलं तर पुन्हा एक साल बसवन."

मी धुवायला घेतला तेवढ्यात मास्तर मागून आले. मारोतीचं तोंड पाहण्यासारखं झालं. मास्तरांनी सदरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. म्हणाले, "घाल. आठ दिवस हाच घाल. पांढऱ्याची काळजी घेणं किती कठीण हाय, ते कळू दे." मारोतीने काळा सदरा आठ दिवस मिरवला. मिलमधले त्याला कोळशाचा पाद्री म्हणू लागले. पण त्याने दारू सोडली ती कायमची, हे मी पाहिलं आहे.

माझं आणि मास्तरांचं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, हळदीचा डाग उन्हाने जातो, गंजाचा काही केल्या जात नाही. मग माणसाच्या आतला डाग तुम्ही पाण्याने कसा काढता? आत तर पाणी जातच नाही.

"डाग काढणं हा अर्धाच अर्थ हाय," ते म्हणायचे. "पाण्याखाली जाणं म्हणजे मरणं. कबरीत उतरल्यावानी. वर येणं म्हणजे नवीन जन्मणं. आपण धुऊन राहिलो नाही, गाडून राहिलो."

"मंग मेलेल्या माणसाले पांढरे कपडे कायले?"

"पांढरा रंग जित्याचा."

हे मला पटलं नाही. आमच्याकडे पांढरा जित्याचा कधी झाला? पण मास्तरांपुढे बोलायचं म्हणजे पुन्हा तीन प्रश्न आले.

एकदा त्यांनी सांगितलं, त्या काळी पुष्कळ लोक बाप्तिस्मा लांबवत. हे धुणं आयुष्यात एकदाच मिळायचं. नंतर मोठं पाप झालं तर दुसऱ्यांदा पाणी नाही. म्हणून काही जण मरणाच्या खाटेवर पडले की पाणी मागत. मी म्हटलं, हे तर हुशारीचं झालं, सगळं करून घ्यायचं आणि शेवटी एकदाच धुवायचं. मास्तर थकल्यासारखे हसले. म्हणाले, "हुशारी नाही गा, भेव. मले त्या लोकायचा राग नाही येत. दया येते."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ही गोष्ट त्यांच्या घरातच चालू आहे.

मास्तरांच्या बाई, राधाबाई, बाप्तिस्मा घेतलेल्या नव्हत्या. त्या मूळच्या खेड्यातल्या शेतकरी घरातल्या. मास्तर तरुणपणी त्या गावात शिकवायला होते. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. भावांनी दार बंद केलं. बाईंच्या कपाळावर कुंकू होतं, अंगणात तुळस होती, आणि बाप्तिस्म्याचा वर्ग त्याच घराच्या ओसरीवर भरायचा. मंडळीतले टोमणे मारत. दावीदराव म्हणून चर्चच्या कारभारातले एक वडीलधारे होते, ते तर तोंडावर म्हणत, "मास्तर साऱ्या नागपूरले धुते, अन् घरचं तसंच."

बाई ऐकायच्या आणि त्यांना चहात साखर कमी द्यायच्या.

ईस्टरच्या सदऱ्यांसोबत दरवर्षी मास्तरांकडून एक पांढरं लुगडं यायचं. सुती, बारीक काठाचं. पहिल्या वर्षी मी ते उलगडून पाहिलं. घडी मोडलेली नव्हती, अंगाचा वास नव्हता.

"मास्तर, हे तं कोरं हाय."

"असू दे. धू."

दुसऱ्या वर्षी तेच लुगडं, पुन्हा कोरं. तिसऱ्या वर्षी मी विचारायचं सोडलं. कोरा कपडा धुवून धुवून विरत चालला होता. बाईंकडूनच मला कळलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी मास्तर ते लुगडं खाटेवर ठेवत आणि बाईंना विचारत. घेशील का? घेशील? घेशील? बाई म्हणायच्या, "औंदा नाही." मास्तर घडी घालून पेटीत ठेवत. झालं. भांडण नाही, समजावणं नाही. जेवायला बसत.

एकदा मी कपडे घेऊन गेलो तेव्हा मास्तर शाळेत होते. मी सहज म्हटलं, "बाई, एखाद्या साली हो म्हणून टाका. म्हाताऱ्याचा जीव शांत होईन."

बाई सुपात गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मी त्यायच्यासाठी गाव सोडलं. भाऊ सोडले. एक नाव अन् एक तुळस राह्यली. थे भी देऊ?"

"नाव तसंच ठेवतील ना."

"ठेवतील. मास्तर वाईट माणूस नाही." मग सुपातला खडा काढून टाकत म्हणाल्या, "अन् रंग चुकला तुया मास्तरचा. मी बारा वर्साची होती तवा माहा पहिला नवरा मेला. तवापासून मास्तर भेटेपर्यंत पांढरंच होतं अंगावर. मायनं चुलीपाशी बसवलं तं तिथंच. आता माणूस म्हणते, पांढरं नेस, नवीन जन्म होते. माहा तं हिरव्यात झाला नवीन जन्म. मंगळसूत्र बांधलं त्या दिवशी."

"मंग सांगा ना त्यायले."

"तीनदा इचारते माणूस, घेशील का म्हणून. काहून नाही घेत, हे एकदा तरी इचारलं?"

का घेत नाही ते विचारा, असं मी मास्तरांना कधी सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या मधलं बोलणं दुसऱ्याने नेऊन पोचवू नये, असं माझं मत आहे. आजही आहे.

वर्षं गेली. म्हातारे पाळकसाहेब वारले. नवे आले ते तरुण, मोटरसायकलवाले. त्यांनी तलावावरचा बाप्तिस्मा बंद केला. घाण पाणी, लोक आजारी पडतील, असं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. बाप्तिस्मा चर्चमध्ये वाटीतल्या पाण्याने होऊ लागला. वर्ग तीन रविवारांचा झाला. मास्तर आता भांडायच्या वयात राहिले नव्हते. निवृत्त झाले होते, दम लागायचा. सदरे येणं थांबलं. लुगडं मात्र येत राहिलं.

मग एका हिवाळ्यात बाई अंगणात पडल्या. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं. माझ्या बायकोने डबा दिला होता, तो घेऊन मी दुपारी गेलो तेव्हा खाटेजवळ पाळकसाहेब आणि दावीदराव उभे होते. मास्तर स्टुलावर. पाळकसाहेबांच्या हातात स्टीलची वाटी, वाटीत पाणी.

दावीदराव समजावून सांगत होते. आवाज मऊ होता. इतकी वर्षं टोमणे मारणाऱ्या माणसाचा आवाज इतका मऊ मी ऐकला नव्हता. "मास्तर, डॉक्टरनं काय सांगतलं, ते तुमाले मालूम हाय. बाप्तिस्मा झाला नाही तं बाईले आपल्या कबरस्तानात जागा देता येत नाही. कमिटीचा नियम हाय, माह्या एकट्याच्या हातात नाही. तुमी एकीकडं, ती एकीकडं. पाहवन का तुमाले?"

मास्तर वाटीकडे पाहत होते.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, जुन्या काळीही मरणाच्या खाटेवर देत होते. तुम्हीच आम्हाला शिकवलं."

"देत होते. त्यायनं मागतलं म्हणून देत होते."

"त्यांना बोलता येत नाही. नको असं तर म्हणत नाहीत ना?"

"हो भी म्हणत नाही."

"मग लहान लेकरांना आपण देतो ते? तुम्हाला दिला तेव्हा तुम्ही तरी कुठे हो म्हणाला होतात? अंगावर पीत होतात आईच्या. मग तुमचाही खरा नाही का?"

मी दारात उभा होतो. मला त्यांच्या धर्मातलं काय कळतं? पण हा घाव बसला, एवढं मला कळलं. मास्तरांची मान हळूहळू खाली गेली. मग म्हणाले, "माह्या वतीनं माही माय बोलली. हिच्या वतीनं कोण बोलन? मी? मी तं दर साली हिचं उत्तर ऐकून राहिलो."

त्यांनी पाळकसाहेबांच्या हातातली वाटी मागून घेतली. दोघांना वाटलं, मास्तर स्वतःच ओततील. मलाही वाटलं. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाणी हातात होतं, बाई समोर होत्या, आणि अडवणारं कोणी नव्हतं. मास्तर वाकले. बाईंच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं.

"घेशील का वं?"

थांबले. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा विचारताना आवाज फुटला नाही, फक्त ओठ हलले. बाईंचे डोळे अर्धे उघडे होते. त्या मास्तरांकडे पाहत होत्या की छताकडे, हे सांगता येत नव्हतं.

बाजूला कापूस होता. मास्तरांनी त्याचा बोळा वाटीत बुडवला आणि बाईंच्या कोरड्या ओठांवर फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. बाईंच्या गळ्याशी काहीतरी हललं, घोट गेला.

"तहान लागली होती तिले," मास्तर म्हणाले, आणि वाटी खाटेखाली ठेवून दिली.

दावीदराव बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "हट्टी हाय. जन्माचा हट्टी हाय." शिवी नव्हती ती.

दोन दिवसांनी बाई गेल्या. खेड्यावरून त्यांचा धाकटा भाऊ आला. इतक्या वर्षांनी आला तोही केस पांढरे घेऊन. सवाष्ण गेली म्हणून त्याने हिरवं लुगडं आणलं होतं. मास्तरांनी पेटीतून पांढरं काढून आणलं होतं, ते त्यांच्या हातातच होतं. भावाने ते पाहिलं.

"पांढरं नका घालू, मास्तर. पांढरं तिनं लय नेसलं. बारा वर्साची होती तवापासून."

मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. बारा वर्षांच्या विधवेला काय नेसवतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्याच गावात शिकवलं होतं त्यांनी, त्याच पांढऱ्यात तिला पहिल्यांदा पाहिलं होतं. पण पुस्तकातलं पांढरं आणि हे पांढरं एकच, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी होतो. ते फक्त एवढं म्हणाले, "मी इचारलंच नाही."

बाईंना हिरव्यात नेलं. घाटावर अग्नी भावाने दिला. मास्तर दूर उभे होते, पांढऱ्या लुगड्याची घडी काखेत धरून. मंडळीतून मारोती आला होता आणि दावीदराव आले होते. पाळकसाहेब आले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरी येऊन बराच वेळ बसून गेले, असं ऐकलं.

त्यानंतर मास्तर चर्चला जात, मागच्या बाकावर बसत. वर्गाचं कोणी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. तुळशीला पाणी घालताना मी त्यांना पाहिलं आहे. सवय नव्हती, अर्धं पाणी पायावर सांडायचं. मला म्हणाले, "गणपत, थो पाळक बोलला ते खोटं नाही. मले कोणी इचारलं नव्हतं. मी आपला साऱ्या जगाले इचारत फिरलो." मी म्हटलं, "आता कोणी इचारलं तं काय म्हणान?" ते म्हणाले, "हो म्हणन. पण इचारणारी तीच पाह्यजे होती."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ईस्टरच्या आदल्या दिवशी. ऊन चढलं होतं. मी दगडावर होतो, तलावाचं पाणी खाली गेलेलं, काठाला चिखल. मास्तर काठी टेकत आले. काखेत पुडकं. मला वाटलं, तेच विरलेलं पांढरं असेल. त्यांनी सोडलं तर आत हिरवं लुगडं. नवं. हातमागाचं, गर्द हिरवं.

"धुऊन दे."

"मास्तर, हा कच्चा रंग दिसते. पहिल्या पाण्यात सुटन."

"सुटू दे."

मी वेगळ्या पाण्यात धुतलं. पाणी हिरवं झालं, पुन्हा धुतलं, पुन्हा हिरवं. म्हटलं, वाळू द्या, संध्याकाळी घरी आणून देतो. ऐकायला तयार नाहीत. ओलंच पाहिजे म्हणाले. मी पिळून हातात दिलं. त्यांनी ते छातीशी धरलं, लेकरू धरावं तसं, आणि सदऱ्यावर हिरवं पाणी पसरत गेलं. एवढा डागाचा तिटकारा असलेला माणूस.

"मास्तर, सदरा गेला. हा डाग निघत नाही. मी निघत नाही म्हणतो म्हणजे नाहीच निघत."

"राहू दे."

जायला वळले. मला राहवलं नाही. मी मागून विचारलं, "औंदा इचारलं का बाईले?"

"इचारलं. काहून नाही घेत, हे इचारलं. सकाळी, तुळशीपाशी."

"मंग काय म्हणल्या?"

मास्तर थांबले. दम खाल्ला.

"काही म्हणली नाही," ते म्हणाले. "पण औंदा नाही, असं भी म्हणली नाही."

मग ते चढावर निघाले, हळूहळू, काठी टेकत. मी दगडावरून पाहत होतो. हिरवं पाणी त्यांच्या कोपरावरून गळत होतं आणि मागून दिसणारी सदऱ्याची पांढरी बाजूही आता कमरेपासून हिरवी होत चालली होती.